पेटी क्रमांक ११४ मधील दुसरी प्रत पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
विभागीय दप्तरखाना (जुने अभिलेख)

विषय : ग्राबोव्हा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन मंडळाच्या सन १९३७ च्या आग-नोंदवहीची दुसरी प्रत रविवार, ५ मे पूर्वी पाहू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र, दि. २ एप्रिल २०२४.

महोदय,

१. मंगळवार, दि. १७ ऑगस्ट १९३७ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ग्राबोव्हा मंडळाचा आग विझवण्याचा चाकांवरचा हातपंप घोडे जुंपून ठाण्याबाहेर पडला. आगीची घंटा दोन वाजून चौदा मिनिटांनी वाजली. दोन्ही वेळा मंडळाच्या नोंदवहीत पान ६३ वर एकाच शाईने लिहिलेल्या होत्या. गिरणीमागचे गवताचे कोठार जळाले, दोन वासरे मेली, माणूस कोणी दगावला नाही.

२. मंडळाची स्थापना १९२४ ची. शताब्दीची पुस्तिका लिहिण्याचे काम मंडळाने प्रस्तुत अर्जदाराकडे दिले, कारण अर्जदार एकतीस वर्षे दैनिकात बातमीदार होती. त्या कामासाठी तिने १९२४ ते १९४० या काळातील सर्व ४१ आगींच्या वेळा उतरवून काढल्या. इतर चाळीस आगींत घंटेनंतर पंप निघायला कमीत कमी सहा मिनिटे लागलेली आहेत. घोडे शेतातून आणायचे, जुंपायचे, पंप ओढून काढायचा, एवढे तरी लागणारच.

३. त्या काळी मंडळाकडे स्वतःचे घोडे नव्हते. घंटा ऐकून ज्या शेतकऱ्याची जोडी ठाण्यात सर्वांत आधी पोहोचे, ती पंपाला जुंपली जाई. त्याला ओटचे एक पोते मिळे आणि आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियानच्या मिरवणुकीत त्याच्या घोड्यांना लाल फीत बांधली जाई. फीत मिळालेला माणूस वर्षभर गावात छाती काढून चाले. १७ ऑगस्टची जोडी गाश्पेर हाब्यान यांची होती. आधीच्या सात आगींपैकी पाच वेळा तेच पहिले आले होते. मंडळाचे आजचे अध्यक्ष श्री. बोरुत हाब्यान हे त्यांचे नातू.

४. घंटा वाजवली ती अर्जदाराचे आजोबा मतीया प्रेलोग यांनी. बारा संस्थापकांपैकी ते एक. घंटेच्या मनोऱ्याच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच असे. धूर सर्वांत आधी त्यांना दिसला, म्हणून आग त्यांनीच लावली असणार, असे २९ ऑगस्टच्या सभेत ठरले आणि त्यांना मंडळातून काढले. पोलिसांत तक्रार कोणी केली नाही. मात्र त्यानंतर प्रेलोग घरातला एकही माणूस मंडळात घेतला गेला नाही. अर्जदाराचे वडील श्री. ब्लाज प्रेलोग (वय ९३) तरुणपणी प्रत्येक आगीला घरची बादली घेऊन धावत. बादल्यांच्या रांगेत त्यांना उभे राहू देत नसत. ते रांगेच्या बाजूने एकटेच विहिरीपर्यंत ये-जा करीत.

५. येत्या ५ मे रोजी ठाण्याच्या भिंतीवर संस्थापकांच्या नावांची शिळा बसणार आहे. स्थापनापत्रावर सह्या बारा आहेत. शिळेवर नावे अकरा आहेत.

६. वेळांतील हा फरक अर्जदाराने ५ मार्च रोजी अध्यक्षांना दाखवला. त्यांनी पान बघितले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अगं ताई, चर्चचं घड्याळ पाच मिनिटं पुढेच असायचं. लोक प्रार्थनेला वेळेवर यावेत म्हणून पाद्रीबुवांनीच तसं ठेवलेलं. घंटेची वेळ त्या घड्याळाची, पंपाची आमच्या. तू एवढी शिकलेली, तुला हे ठाऊक नाही?” खुलासा खरा असू शकतो. परंतु तो खरा धरला तरी त्या दिवशी घंटेनंतर एका मिनिटात पंप निघाला, आणि इतर चाळीस वेळा त्याच दोन घड्याळांनुसार निदान अकरा मिनिटे लागली, असे होते. हे अध्यक्षांना सांगितल्यावर ते म्हणाले, “घोडे चांगले होते गं आजोबांचे.”

७. दि. १४ मार्च रोजी अर्जदार पुन्हा नोंदवही पाहण्यास गेली असता पान ६२ नंतर पान ६४ होते. शिवणीजवळ कापल्याची सरळ कड दिसत होती. अध्यक्ष म्हणाले, “असं पान कधी नव्हतंच.” चिटणीस म्हणाले, “होतं, पण कोरं होतं.” दोघे एकाच बाकावर बसले होते.

८. नियमाप्रमाणे नोंदवहीची दुसरी प्रत दरवर्षी जिल्ह्याला जाई. ती आपल्याकडे पेटी क्र. ११४ मध्ये आहे. ती पाहण्यास अर्जदाराने परवानगी मागितली, तर मंडळाच्या अध्यक्षांचे संमतिपत्र हवे, असे आपल्या पत्रात आले. अर्जदाराने दूरध्वनीवर विचारले की, कागद अध्यक्षांच्या आजोबांविषयीच असेल तर काय करायचे? आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, “मग तर लगेच देतील की. घरचंच काम आहे.” संमतिपत्र मागितल्यावर अध्यक्षांनी सांगितले की, दप्तरखान्याने आधी पेटी असल्याचे लेखी द्यावे. आपल्या कार्यालयाने सांगितले की, पेटी आहे की नाही हे संमतिपत्राशिवाय सांगता येत नाही. ही तीन पत्रे व दोन दूरध्वनी अर्जदाराने तारीखवार लिहून ठेवले आहेत. एवढी काळजी कोऱ्या पानासाठी कोणी घेत नाही.

९. अर्जदाराच्या बाजूला अडचणीचे असले तरी पुढील गोष्ट लपवणे अर्जदारास योग्य वाटत नाही. दि. २० एप्रिल रोजी जेवताना वडील आपणहून म्हणाले, “त्या दिवशी सकाळीच आईने बजावलं होतं, आज गिरणीकडे फिरकायचं नाही.” का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “सहा वर्षांच्या पोराला कोण कारण सांगतं?” आणि सूप गार झाल्याची तक्रार करू लागले. त्या दिवसापासून अर्जदारास आजोबांचीही खात्री राहिलेली नाही. म्हणून विनंती आजोबांना निर्दोष ठरवण्याची नाही. प्रतीत जे लिहिले असेल ते, कोणाच्याही विरुद्ध जात असले तरी, शिळा बसण्यापूर्वी वाचता यावे, एवढीच आहे. तोवर पुस्तिकेतील १९३७ चे पान अर्जदाराने छपाईला दिलेले नाही.

१०. वरील मजकूर २६ एप्रिल रोजी लिहून झाला होता. आज, सोमवार, २९ एप्रिल रोजी सकाळी अर्जदार तो समक्ष देण्यास आपल्या कार्यालयात आली. नोंदणी खिडकीवरील गृहस्थांनी आवक-जावक वही उघडी ठेवली होती. पेटी क्र. ११४ दि. ११ मार्च रोजी वाचनासाठी बाहेर काढली गेली व त्याच दुपारी परत आली, अशी त्यात नोंद आहे. नेणाऱ्यांच्या सह्या दोन आहेत. पहिली बोरुत हाब्यान. दुसरी ब्लाज प्रेलोग.

११. सही वडिलांचीच आहे. त्यांचा ‘ब’ अर्जदार ओळखते. वडील गाडी चालवत नाहीत आणि एकटे घराबाहेर पडत नाहीत. ११ मार्चला अर्जदार दिवसभर छापखान्यात होती. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, “म्हातारे आजोबा ना? आठवतात की. दोघं शेजारी बसून वाचत होते. धाकट्यांनी त्यांना पाणी आणून दिलं.” पेटीतील पाने परत घेताना मोजली होती का, असे विचारल्यावर, पाने मोजण्याची पद्धत नाही, असे त्यांनी सांगितले.

१२. वडिलांना अर्जदाराने अद्याप विचारलेले नाही. अर्ज मागे घेतलेला नाही. पेटी आपल्या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, असे आज सकाळी ११.१५ वाजता अर्जदारास सांगण्यात आले.

निर्णय ५ मे पूर्वी कळवावा, ही विनंती.

आपली विनम्र अर्जदार,
(सही)
स्लावका प्रेलोग
मु. ग्राबोव्हा, घर क्र. २७
दि. २९ एप्रिल २०२४

सोबत :
१) ४१ आगींच्या वेळांचा तक्ता, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
२) स्थापनापत्राची छायाप्रत, बारा सह्यांसह.
३) नोंदवहीच्या पान ६२ व ६४ चे छायाचित्र.