दोन हात, एक रंग

३ मे
सनस्क्रीनच्या ट्यूबवर छापलेली किंमत खोटी. खरी किंमत अशी: अर्धा तास रांग, औषधवाल्या मुलीचं व्याख्यान, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचं फिदीफिदी हसणं.
कारण लिहून ठेवतो. ड्रायव्हिंग स्कूल काढून सव्वीस वर्षं झाली. शिकणारा स्टिअरिंगवर, मी डावीकडे, कोपर खिडकीबाहेर. डावा हात करपलेला, उजवा दुधासारखा. बायको म्हणायची, तुम्ही दोन माणसं आहात. गाडीतला गप्पा मारतो, घरातला तोंड उघडत नाही. जानेवारीपासून ती लेकीकडे आहे. हवापालट. रविवारी येतेय. येईल आणि राहील. तोवर मी एकच माणूस झालेलो असेन.

४ मे
डाव्या हाताला जाड थर. औषधवाली म्हणाली होती, काका, याने गोरं होत नाही, फक्त आणखी काळवंडत नाही. लहान आहे.
दुपारी सीट पांढरी. हात तसाच.

५ मे
विचार उलटा केला. उजवा काळा करायचा. टॅनिंग लोशन आणलं. डब्यावर लिहिलंय, हातमोजे घाला. अर्ध्या गावाला क्लच मी शिकवला, मला डबा शिकवणार!

६ मे
वेळ कमी. स्वतःच स्टिअरिंगवर बसलो, उजवा हात उन्हात. शिकायला आलेल्या बँकेतल्या बाई शेजारी. म्हटलं, बघूनही शिकता येतं. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, सर, परीक्षा माझी आहे की तुमची?
चौथी फेरी मारली.

८ मे, शनिवार
उजव्या हातावर नारिंगी पट्टे. ज्याने लोशन चोळलं तो डावा तळवा पिकल्या पपईसारखा. एकूण रंग तीन.
लेकीचा फोन. आई अकराला येईल, बाबा, घरीच थांबा आणि जरा बोला तिच्याशी. म्हटलं, काळजी नको. गल्लीत वळणारी गाडी कोणाची, कितव्या गिअरमध्ये, हे मी पलंगावर पडून सांगतो. तुझी तर दुसरा टाकताना खरखरते. दारात उभा असेन.

९ मे, सकाळी साडेदहा
दोन कप चहा ठेवलाय. असला तळवा दाखवणं बरं नाही. लिंबू, मीठ, कपड्यांचा ब्रश. पाच मिनिटांचं काम.

९ मे, दुपारी
तळवा तसाच. कपाटात तिचे कपडे नाहीत. शिलाई मशीन नाही. टेबलावर तिची किल्ली.
शेजारीण म्हणाली, अकराला आल्या होत्या, वीस मिनिटं होत्या. तुम्हाला तीनदा हाक मारली हो. आत न्हाणीघरात नळ चालूच. मग म्हणाल्या, यांना बोलायचंच नसेल. जावयाने मशीन उचललं.
चहा प्यायलो. दोन्ही कप.
गाडी गल्लीत दोनदा वळली, येताना आणि जाताना. मला ऐकू आली नाही.