मीठ मागणारी बाई

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. सातवीत शाळा सोडली त्यानंतर एवढं लांबलचक मी कधी लिहिलेलं नाही. आज लुधियानात कारखाना बंद आहे, खोलीवर कोणी नाही, म्हणून बसलोय.

ती भुताची कादंबरी तुला आठवत असेल. आपल्या चाळीजवळच्या, डिंडोलीच्या रद्दीवाल्याकडून मी आणलेली. वसतिगृहातली एक पोरगी, तिच्या अंगात शिरणारी हडळ, आणि तिला सोडवायला निघालेले तिचे मित्र. तेव्हा तू आपल्या खोलीत लूमवाल्यांची, कापडाच्या मागावर काम करणाऱ्यांची खानावळ चालवायचीस. दुपारी कारागीर जेवायला यायचे, तू स्टोपाशी भाकरी थापायचीस आणि मी उंबऱ्यात बसून वाचायचो, अडखळत, ओळीवर बोट ठेवून. एरवी तुझं एकच, 'एका जागी बूड टेकत नाही मेल्याचं.' पण पुस्तक उघडलं की पुढं काय झालं ते विचारायचीस, 'मंग काय जयं रे?'

शेवटची पानं फाटलेली होती. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळे घास हातात धरून बसलेत, हडळ कोण ते आता कळणार, आणि पुढं नुसता पुठ्ठा. मी पुठ्ठ्याकडे बघत वाचल्यासारखं बोलत गेलो. हडळ म्हणजे शेजारीणच निघते. नवऱ्यानं टाकलेली, एकटी राहणारी. भरदुपारी दारात येऊन तळहातावर मीठ मागते, आणि जी मीठ देते तिच्या घरात शिरून तिचं लेकरू खाते. मला दुसरं कोणी सुचलंच नाही, माय. भिंतीपलीकडची मावशीच डोळ्यांपुढे आली, एकटी राहणारी, अधूनमधून तुझ्याकडे मीठ मागायला येणारी, साड्यांना टिकल्या चिकटवून बोटं चकाकणारी. एक कारागीर म्हणाला, 'अरे, ही तर आपली मीठवाली!' दुसरा म्हणाला, 'भाभी, आजपासून डाळ अळणी चालेल हां आम्हाला.' सगळे हसले. तू हसली नाहीस. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझा हात हलला नाही. माझ्या बोलण्यानं कोणी असं थिजलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. 'अक्का, चिमूटभर मीठ दे वं.' बरणी समोरच, भरलेली. तू म्हणालीस, 'सरनं.' ती बरणीकडे बघते, मग माझ्याकडे. मी चपला घालून बाहेर पळतो. गल्लीत तिच्याशिवाय तुझं हक्काचं कोणी नव्हतं. मी तापानं फणफणलो तेव्हा तीच उशाशी बसली होती. पण खानावळीतली मस्करी लूमच्या कारखान्यात गेली, तिथून नळावर. बाया तिची कळशी बाजूला सारू लागल्या, पोरं तिच्या दारासमोरून पळत जाऊ लागली. चाळवाल्या शेठनं तिला खोली खाली करायला लावली, तेव्हा जाताना तिनं एकट्या आपल्याच दाराची कडी वाजवली. बराच वेळ वाजवली. आपण आतच होतो. तू माझं मनगट गच्च धरून ठेवलं होतंस. तिच्यापासून मला वाचवत होतीस तू.

पुढं मी इकडं आलो आणि तू आजारी पडलीस. मी बघायला आलो तेव्हा दवाखान्यात मला जवळ बोलावून विचारलंस, 'ती बाई खरंच तशी व्हती का रे? पुस्तकमा तसंच व्हतं ना?' मी म्हणालो, 'हो माय, छापलेलं होतं.' तू मान भिंतीकडे फिरवलीस.

आता तू नाहीस, हे पत्र कुठं टाकणार? फाडून टाकीन. तुझा जीव शांत व्हावा म्हणून खोटं बोललो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मावशी तिथून तासाभरावर, कामरेजला कुठंतरी राहते असं कानावर होतं. खरं बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, जा, तिला घेऊन ये. माझी परतीची गाडी सकाळची होती, आणि तुझ्या खाटेशी बसून मला कंटाळा आला होता.