‘हुपरीची गाडी कुठं लागते?’वरच्या चौदा ओळींचा खरा मालक

बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेदहाला मिळालेल्या माहितीनुसार प्रा. हंबीरराव इंगवले यांचं नाव आमच्या गावच्या साहित्य सभेच्या जीवनगौरव सत्कारातून एका मतानं गळालं आहे. सभेचे चिटणीस जोतीराम खाडे यांनी फोनवरून या वृत्ताला दुजोरा दिला. ते एक मत माझी मुलगी क्रांती हिचं आहे, हेही त्यांनीच सांगितलं आणि आपलं नाव कुठं येऊ देऊ नये अशी विनंती केली. ती विनंती मी इथं मोडली आहे. यादी शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होईल. तोवर सदस्यांना मत बदलता येतं.

चौतीस वर्षं वृत्तपत्रात उपसंपादक होतो. ताजी बातमी वर घ्यायची सवय मृत्युपत्रातही सुटली नाही, त्याबद्दल वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आता रीतीप्रमाणे सुरुवात करतो.

मी, केरबा दत्तू चौगुले, वय ७४, निवृत्त उपसंपादक आणि सवड मिळेल तसा लेखक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, माझ्या मागं कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतो. कुणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणावा असं आजवर कुणाला वाटलेलंही नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही, म्हणून दाखला निःपक्षपाती समजावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझी पत्नी आक्काताई हिला. तिच्यानंतर क्रांतीला. गॅलरीत बसून मी सात पुस्तकं लिहिली, अशी पाटी कुणी लावायला आलं तर लावू देऊ नये. आक्काताईचं म्हणणं आहे की तिथं कपडे वाळतात.

कलम २. बँकेतली शिल्लक आक्काताईला. आकडा लिहीत नाही. लिहिला तर लेखनावर मी काही मिळवलं असा गैरसमज होईल. जे आहे ते नोकरीतलं आहे.

कलम ३. माझी हत्यारं : मजकुराची उंची मोजायची स्टीलची पट्टी, मोठी कात्री आणि लाल पेनांचा डबा. हे सगळं जोतीराम खाडे यांना. ते सभेचं त्रैमासिक काढतात आणि आलेला मजकूर आहे तसा छापतात. कुणाचं मन दुखवायला नको असं त्यांना वाटतं. माझं मन या पट्टीनं अनेकदा मोजून कापलं गेलं आहे आणि दर वेळी मजकूर सुधारला आहे.

कलम ४. पलंगाखालचे गठ्ठे. यात माझी पहिली कादंबरी ‘हुपरीची गाडी कुठं लागते?’ हिच्या दोनशे बारा प्रती आहेत. ज्यांनी वाचली नाही, म्हणजे बहुतेक सर्वांनी, त्यांच्यासाठी सांगतो : ही सबंध कादंबरी एस.टी. स्टँडच्या चौकशी खिडकीवर घडते. लोक येतात, प्रश्न विचारतात, जातात. खिडकीच्या आतल्या माणसाची उत्तरं मी लिहिली नाहीत. नायक नाही, प्रकरणं नाहीत. पुण्यातल्या एका प्रकाशकानं हस्तलिखित परत करताना कुणा दुसऱ्याच लेखकाचं पत्र माझ्या पाकिटात घातलं. त्यात माझ्या निसर्गवर्णनाची फार स्तुती होती. माझ्या कादंबरीत झाड एकच आहे आणि त्याच्याखाली वडापच्या जीपवाले उभे असतात. ते पत्र मी जपून ठेवलं, कारण स्तुतीचं दुसरं पत्र आलं नाही. शेवटी पुस्तक स्वतःच छापलं.

या प्रती आमच्याकडं कामाला येणाऱ्या तानाबाईंना द्याव्यात. त्या मूळच्या हुपरीच्या. वीस वर्षं या गठ्ठ्यांना वळसा घालून त्या केर काढत आहेत. एकदा त्यांनी वरची प्रत उचलली, नाव वाचलं आणि म्हणाल्या, “पाच नंबरला लागती की. येवढ्यासाठी येवढं पुस्तक?” या कादंबरीवर झालेली ही सर्वांत चांगली समीक्षा आहे. प्रती रद्दीत घातल्या तरी माझी हरकत नाही.

कलम ५. राग. माझ्याकडं साठलेला राग खालीलप्रमाणे निकालात काढावा. पुण्याच्या प्रकाशकावरचा राग संपला. ज्या परिसंवादात मला बोलावून, वेळ संपला म्हणून आभारानंतर बोलायला लावलं, त्या संयोजकांवरचाही संपला. तेव्हा सभागृहात दोन माणसं होती आणि त्यांतला एक सतरंजी गोळा करत होता, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. एका विद्वानांनी वीस वर्षं प्रत्येक भेटीत ‘तुमचं वाचायचं राहिलंय’ असं सांगितलं. त्यांना माफ केलं आहे. त्यांच्याइतकं सातत्य मला लिखाणातही जमलं नाही.

हंबीरराव इंगवले यांच्यावरचा राग या यादीत नाही. त्यासाठी वेगळं कलम लागतं.

कलम ६. चौदा ओळी. हे कलम नीट वाचावं, कारण बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यायची आहेत आणि हे एकच शुक्रवारी सकाळी अकरा वाजल्यापासून.

१९९४ साली आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत या कादंबरीचं परीक्षण आलं. खाली नाव प्रा. हंबीरराव इंगवले. त्यातलं शेवटचं वाक्य जिल्ह्यात सगळ्यांना पाठ झालं : ‘या कादंबरीत माणसं येतात, चौकशी करतात आणि निघून जातात, वाचकानं पहिल्या दोन गोष्टींच्या भानगडीत न पडता थेट तिसरी करावी.’ व्याख्यानात, लग्नात, सलूनमध्ये लोकांनी ते मला ऐकवलं. इंगवले सरांचा निर्भीड समीक्षक म्हणून बोलबाला झाला. पुढं कोणतं पुस्तक चांगलं हे त्यांना विचारल्याशिवाय या जिल्ह्यात ठरत नव्हतं. मला वीस वर्षं कुणी दारात उभं केलं नाही.

ते परीक्षण इंगवले सरांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं आहे.

परीक्षण छापून येण्याआधीच्या शुक्रवारी पुरवणीचं पान लागलं होतं. पुस्तकाचं चित्र आणि सरांचं नाव जागेवर, मधली चौदा ओळींची जागा रिकामी. पाच वाजले तरी त्यांचा मजकूर आला नाही. आमचे संपादक म्हणाले, “चौगुले, भरा ती जागा. सरांशी मी बोलतो.” पुस्तकाचा लेखक मीच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि सांगायची मला लाज वाटली. स्वतःच्या पुस्तकाची स्तुती करून ते उघडकीला आलं असतं तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. शिवाय दोष मला तोंडपाठ होते. अठरा मिनिटांत लिहिलं. एक शब्दही कापावा लागला नाही. माझ्या हातून इतकं बेतशीर लेखन पुन्हा झालेलं नाही.

रविवारी सकाळी आक्काताईनं पुरवणी वाचली आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, “हे इंगवल्यांनी लिवलेलं न्हाय. आमटीला नावं ठिवताना असंच बोलता की तुम्ही.” मी तिला गप्प राहायला सांगितलं. ती राहिली. एकतीस वर्षं.

सोमवारी इंगवले सर कार्यालयात आले. मला वाटलं, खुलासा छापायला सांगतील. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि सांगितलं की कालपासून अकरा जणांनी अभिनंदनाचे फोन केले आहेत. मग म्हणाले, “वाक्य झ्याक हाय. राहू दे माझ्याच नावावर.” मी हो म्हणालो. तेव्हा मला वाटलं मी मोठेपणा दाखवला. खरं असं की मलाही त्यात फायदा दिसत होता. वाईट पुस्तक लिहिलेला लेखक कुणाला नको असतो. अन्याय झालेला लेखक निदान नव्या पोरांना तरी हवा असतो. पुढची सहा पुस्तकं मी त्या अन्यायाच्या जोरावर लिहिली. समीक्षेला मी भीक घालत नाही, असं मुलाखतीत सांगत फिरलो. माझ्यावरची एकमेव गाजलेली समीक्षा माझीच होती.

आमच्या दोघांचं बरं चाललं. तिसऱ्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं नाही.

क्रांती तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेत मुलं तिला येता-जाता ‘तिसरी कर, तिसरी कर’ म्हणायची, म्हणजे निघून जा. तिनं ते मनात धरलं. मोठी होऊन मराठीच घेतलं, पण इंगवले सर ज्या कॉलेजात होते तिथं प्रवेश घेतला नाही. रोज दोन एस.टी. बदलून दुसरीकडं गेली. समीक्षेतल्या अन्यायावर प्रबंध केला. त्यातलं चौथं प्रकरण या चौदा ओळींवर आहे, अडतीस पानं. समीक्षकाला लेखकाविषयी वाटणारी असूया प्रत्येक ओळीत कशी दिसते, हे तिनं फार चांगलं दाखवलं आहे. मी ते वाचून तिची पाठ थोपटली. त्या वेळी सांगायला हवं होतं. आता ती विभागप्रमुख आहे, सभेच्या निवड समितीवर आहे आणि दार तिच्या हातात आहे. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला ती बापासाठी बाहेर ठेवते आहे. आमच्या घराचा उंबराही तिनं त्यांना चढू दिलेला नाही.

जोतीरामांचा फोन ठेवला आणि रिक्षा करून मी कळंब्याला गेलो. सर तिथं राहतात. पत्ता सांगताना ते तिथला तलाव आधी सांगतात, म्हणजे लोक कळंबा तुरुंगाच्या बाजूला जात नाहीत. सत्काराचं त्यांना कळलं होतं. मी म्हणालो, पोरीला सगळं सांगतो. ते म्हणाले, “सत्कार मिळंल रं. पर वाक्य जाईल की माझं.”

त्यांच्या समग्र समीक्षालेखांच्या मागच्या पानावर तेच वाक्य छापलेलं आहे.

“सांग,” शेवटी म्हणाले. “एकतीस वर्षं वापरलं. आता पोरगी उगंच माझ्यावर डोळं वटारून म्हातारी व्हायला नगो.”

उठताना त्यांनी कपाटातून फुलस्केपचे दोन कागद काढून दिले. त्या सोमवारी ते कार्यालयात आले तेव्हा खिशात हे होतं : त्यांचं उशिरा झालेलं, खरं परीक्षण. अकरा फोन आल्यावर ते त्यांनी खिशातच ठेवलं. त्यांना कादंबरी आवडली होती. खिडकीच्या आतला माणूस एकदाही बोलत नाही, हेच तिचं बळ आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. मी ते रिक्षात दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर पाल्हाळ आहे, आठ ओळी सहज निघतील. पण कापलेलं नाही.

सबब, सदर चौदा ओळी माझ्या असल्याचं मी याद्वारे जाहीर करतो. त्यांचा हंबीरराव इंगवले यांना कोणताही दोष नाही आणि यापुढं कोणताही मान नाही. ते दोन कागद आणि चौदा ओळी, दोन्ही क्रांतीला. तिच्या चौथ्या प्रकरणाचं जे नुकसान होईल त्याला मी एकटा जबाबदार आहे. समीक्षकाच्या असूयेविषयी तिनं जे लिहिलं ते खोटं ठरलं असलं, तरी लेखकाच्या भित्रेपणावर एक प्रकरण आता तिला पुराव्यासकट मिळेल. हे तिला समोर बसवून सांगायला हवं होतं. मला छापील किंवा लेखी असल्याशिवाय खरं बोलता येत नाही, हा धंद्याचा दोष नाही, माझा आहे.

कलम ७. माझ्या निधनाची बातमी मीच लिहून ठेवली आहे, टेबलाच्या वरच्या कप्प्यात. ‘ज्येष्ठ साहित्यिक’ हा शब्द कुणी घालू नये. जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद कापावा, त्यात फक्त माझ्या पुस्तकांची नावं आहेत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रांती करील. साक्षीदार म्हणून जोतीराम खाडे आणि हंबीरराव इंगवले सही करतील. साक्षीदाराला काही देऊ नये, पुढं वाद होतात, असा वकिलांचा सल्ला होता. पट्टी आणि कात्रीवरून कुणी कोर्टात जाणार नाही, म्हणून जोतीरामांना तेवढी दिली. हंबीररावांना काही दिलेलं नाही, उलट काढूनच घेतलं आहे.

लिहून देणार : केरबा दत्तू चौगुले (सही)
साक्षीदार : १. जोतीराम खाडे (सही व्हायची आहे)
२. हंबीरराव इंगवले (सही व्हायची आहे)
स्थळ : शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

ता.क. शुक्रवारी अकराला क्रांती अंमलबजावणीच्या संमतीची सही करायला येईल. सहीआधी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायची तिची पद्धत आहे, त्यामुळे साधारण सव्वाअकराला ती सहाव्या कलमाशी पोचेल. जोतीराम त्याच सुमारास हंबीररावांना घेऊन येणार आहेत. सरांचे गुडघे दुखतात, जिना चढायला वेळ लागेल. तेवढ्यात तिचं वाचून होईल. आक्काताई स्वयंपाकघरात असेल, दार उघडं ठेवून. शनिवारच्या मताचं मी विचारणार नाही. ती माझ्याशी काही दिवस बोलणार नाही, हे धरून चाललो आहे. सर दारात आले की ती उठेल एवढं नक्की. आत या म्हणते की नाही, ते तिचं ती ठरवील.