पुशरॉडची गाडी

बाबा,

नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मला पहिला तुमचाच राग आला. हिच्यात व्हॉल्व्ह दाबून उघडणारा कॅम वरच आहे, व्हॉल्व्हच्या डोक्यावर. मध्ये कुणी लागत नाही. तुमच्या जुन्या गाडीत कॅम खाली, व्हॉल्व्ह वर, आणि खालचा धक्का वर पोचवायला मध्ये लांब दांड्या, म्हणजे पुशरॉड. दर रविवारी पिपलानीच्या आपल्या क्वार्टरसमोर तुम्ही टॅपेट लावायला, म्हणजे त्या दांड्यांची फट नीट करायला बसायचात. मी पाने हातात देतेय. शेजारचे साहेब वरच्या कॅमचं कौतुक करतायत, आणि तुम्ही म्हणताय, त्याचा पट्टा तुटला की अख्खं इंजिन गेलं. पुशरॉड बिचारा काही मागत नाही, वाकला नाही म्हणजे झालं.

मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं. घरातला पुशरॉड मी होते ना. आईकडचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही आईला माहेरी जाऊ दिलं नाहीत, आणि त्या दिवसापासून तुम्हा दोघांचं बोलणंच संपलं. आईला सांग, चहा टाक. बाबांना सांग, गॅस संपलाय. दोन खोल्यांचं घर, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, तरी मी निरोप पोचवेपर्यंत तुम्ही पेपर वाचत थांबायचात. पाहुण्यांसमोर तर आमची टपालवाली म्हणून हसायचात. शाळकरी पोरीच्या अंगावर तुम्ही स्वतःचा संसार टाकलात, बाबा, आणि वर तिच्या कामसूपणाचं कौतुक केलंत. अजून चीड येते.

आई शेवटची आजारी होती तेव्हा मी बाग सेवनियाच्या माझ्या घरून रोज यायचे. त्या दुपारी तुम्ही खोलीच्या दारात उभे होतात. मला म्हणालात, "तिला विचार, फार दुखतंय का."

आई तुमच्याकडेच बघत होती. पण बोलली माझ्याशी. "त्यांना म्हणावं, आत येऊन विचारा."

मी वळून तेच शब्द तुम्हाला सांगितले. तुम्ही मान हलवलीत, बाहेर गेलात आणि गाडीचं बॉनेट उघडलंत. संध्याकाळी आई गेली. तुम्हाला ते कळवायलाही मलाच अंगणात यावं लागलं.

आता तुम्हीही नाही, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. पण एक कबूल करते. आधी मी आईला लिहायला बसले होते. पानभर झाल्यावर लक्षात आलं, प्रत्येक वाक्य मी 'बाबांना सांग' असंच सुरू केलं होतं.