तेलातलं कुंकू

अण्णा, तुमची पत्र्याची कोंबडी परवा माझ्या टेबलावर आली. मुंबईहून, कुरिअरच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. आधी माझं काम सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा असलं काम असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. लोक आता जुनी खेळणी, कॅसेटी, सिनेमाची पोस्टरं जमवतात, आणि घेता-विकताना त्यांच्या स्थितीबद्दल वाद नको म्हणून ती माझ्याकडे पाठवतात. मी हातमोजे घालून भिंगाखाली पाहते. रंग मूळचा आहे का, पत्रा कुठे दबलाय, किल्ली तीच आहे की बदललेली. मग दहापैकी गुण देते, वस्तू पारदर्शक पेटीत घालते आणि पेटी कायमची बंद करते. त्यानंतर तिला कुणाचा हात लागत नाही. नगरात बसून मी हे करते आणि माझे गुण कडक असतात असं सगळीकडे म्हणतात. तुम्हाला याचं नवल वाटायचं नाही.

नव्वदच्या दशकातली कुठलीही शनिवारची दुपार डोळ्यांसमोर आणली तरी ती एकच दुपार असते. मी कॉलेजातून मिरजगावच्या स्टँडवर उतरलेली आहे, रस्त्यावरून ट्रक धूळ उडवत सोलापूरकडे चाललेत, आणि पलीकडून आपल्या दुकानातला टेप ऐकू येतोय. विजेचा दाब उतरलाय, म्हणून गाणारी बाई जाड, झोपाळू आवाजात गातेय, जणू विहिरीच्या तळाशी बसून. आत शिरलं की डाव्या हाताला कॅसेटी, उजवीकडे उघडे पडलेले रेडिओ, आणि समोर ते काचेचं कपाट. दुकानातली बाकी खेळणी विकायची, कपाटातली नाही. ती तुम्ही कुठून कुठून जमवलेली होती. नगरच्या जुन्या बाजारातून, कर्जतच्या एका मोडीत निघालेल्या दुकानातून. वरच्या फळीवर कोंबडी. लाल तुरा, पिवळी चोच, पोटाला किल्ली. पोरं जमली की तुम्ही तिला खाली काढायचात, गल्ल्याच्या फळीवर चिमूटभर ज्वारी टाकायचात आणि किल्ली द्यायचात. ती टकटक चोच मारत दाण्यांमधून फिरायची. पोरं खिदळायची.

"अण्णा, पत्र्याची कोंबडी दाणे खात नाही," मी म्हणायची.

"तिला कुठं म्हाईत हाय ते?"

मी कपाटावर पुठ्ठा लावला होता, 'हात लावू नये'. सुंदर अक्षरात. तुम्ही तो वाचलात, काढलात आणि माझ्या हातात दिलात. आवाज चढवला नाहीत, पण गिऱ्हाईक ऐकत होतं म्हणून मला ते फार लागलं. "खेळन्याला हात न्हाई लावायचा तर काय लावायचं, बाय? कॉलेजात हेच शिकीवत्यात व्हय?" आता रोज मी त्याच पुठ्ठ्याचा पगार घेते.

खंडेनवमीला तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर, कैची, सोल्डरिंग आयर्न मांडायचात आणि त्यांच्या ओळीत कपाटातली खेळणीही. सगळं गाव हत्यारांना कुंकू लावायचं, पण तुमच्यासारखं कुणी नाही. तुम्ही कुंकू शिलाई मशीनच्या तेलात कालवायचात. "पान्यानं पत्रा गंजतो," असं तुमचं म्हणणं. आई कपाळावर हात मारायची. "देवाच्या कामाला मशीनचं तेल! लोक काय म्हनतील?" तुम्ही अंगठा बुडवून प्रत्येक खेळण्याच्या पोटाला ठिपका लावायचात, तोंडाला नाही, म्हणजे रूप बिघडायला नको. ते तेल रंगात मुरायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी त्यावर दुसरं. पुसलं तरी जायचं नाही.

आणि मग तो उन्हाळा. दुकानासमोर एसटी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत माणसं आपल्या सावलीत येऊन बसली. त्यांत करमाळ्याकडची एक बाई होती आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलगी उन्हानं रडून रडून थकलेली. तुम्ही ज्वारी टाकलीत, किल्ली दिलीत. मुलगी गप्प झाली. मग गाडी येईपर्यंत तीच किल्ली देत राहिली, आणि टेप तसाच जड आवाजात गात राहिला. गाडी आली तेव्हा कोंबडी तिच्या हातात होती आणि ती सोडेना.

"किती पैसं झालं, दादा?" बाईनं घाबरतच विचारलं.

"असू द्या. खेळू द्या तिला."

गाडी गेल्यावर मी भांडले. ती विकायची नव्हती ना? "इकली कुठं? दिली," तुम्ही म्हणालात आणि रेडिओत डोकं घातलंत. मी बोलायची थांबले नाही. ती पोरगी आठवड्यात मोडून टाकील, उकिरड्यावर जाईल, तुम्हाला वस्तूची किंमत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोडंल तर मोडंल." ते मला कधी पटलं नाही. तुम्ही गेल्यावरही, कपाट रिकामं करताना, वरच्या फळीवरची ती मोकळी जागा पाहून मला तुमचा रागच आला होता.

परवा मी कोंबडी उलटी केली आणि पोटावर ठिपका दिसला. विटलेला, तपकिरी, थरावर थर बसलेला. नाकाजवळ नेला. तेलाचा वास येत नव्हता, पण मला आला.

पाठवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी ती जुन्या बाजारात घेतली होती. आधी कुणाकडे होती ते त्यांना माहीत नाही.

"मॅडम, खालचा तो डाग तेवढा निघेल ना? परत पाठवलीत तर मी इथे साफ करून घेतो, मग तुम्ही गुण द्या."

रॉकेलनं निघाला असता. रंगाला धक्का न लागता. हे मला माहीत आहे आणि गिऱ्हाइकाशी मी खोटं बोलत नाही.

"निघेल," मी म्हणाले. "पण तो डाग नाही. खंडेनवमीचं कुंकू आहे. आमच्या वडिलांनी लावलेलं. दुकान आमचं होतं."

ते म्हणाले, "मग राहू द्या, मॅडम. तुम्हाला हवी आहे का ती?"

"नको. माझ्या वडिलांनी ती देऊन टाकली होती. आमच्याच दुकानातली वस्तू मीच तपासलेली चालणार असेल तर तसं कागदावर लिहीन."

त्यांना चालणार होती. मी दिवा जवळ घेतला. चोचीचा पिवळा रंग पार उडालेला, खालचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत. असं रूप एका आठवड्यात येत नाही, अण्णा, वर्षं लागतात. किल्लीचे कान झिजून पातळ झालेले. एक पाय तुटून परत जोडलेला, ओबडधोबड, पण मन लावून. उकिरड्यावर गेलेल्या वस्तूचा पाय कुणी जोडत नाही. ती मुलगी खेळली. तिच्यानंतर बहुधा आणखी कुणी खेळलं. माझ्या नियमांत या सगळ्याला झीज म्हणतात आणि झिजेचे गुण कापतात. मी एकेक गुण कापत गेले. दहापैकी तीन उरले. इतके कमी गुण देताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ठिपक्यापुढे लिहिलं: कुंकू, मूळ दुकानातले, काढू नये. आज पेटी बंद केली. हे पत्र मात्र पाकिटात घालणार नाही. दिवसभर मी वस्तू बंद करतच असते. इथेच उघडं राहू दे टेबलावर.

एकच गोष्ट राहिली. पेटी बंद करण्याआधी मी हातमोजे काढले आणि किल्ली दिली. आमच्या कामात हे चालत नाही. स्प्रिंग कुरकुरली, मग ती टकटक करत, जोडलेल्या पायावर जरा लंगडत, टेबलभर फिरली. दाणे मी सकाळीच घरून पुडीत बांधून आणले होते.