दिवाणखान्यातलं तळं

१२ मार्च १९७३, सोमवार

काम घेतलं!

चेअरमनसाहेबांच्या नव्या बंगल्यातला दिवाणखाना. चारी भिंतींना सागवानी फळ्या, वर छताला लाकडी तक्तपोशी, आणि तक्तपोशीच्या नऊ खणांत नऊ चित्रं. लिंबाजीराव सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून पुण्याला कुठल्या तरी गेस्ट हाऊसात उतरतात. तिथं बघितलं म्हणे. "डिट्टो तसंच पाहिजे, पेंटर. मे महिन्यात पोरीच्या सासरचे येणार."

मी म्हणलं, साहेब, मजुरी नको. काम चालू आहे तोवर आमच्या बौद्धवाड्याला तुमच्या विहिरीचं पाणी द्या.

बघतच राहिले. मग हसले. "रोज दोन बॅरलं. काम संपलं की पाणी बंद. नंतर रडत यायचं नाही."

१३ मार्च

गाडी आली! वाड्याच्या तोंडाशीच थांबली, आत काही आली नाही. न का येईना. एकोणीस घरं, घरटी दीड घागर. आमचा आड पौषातच आटलाय. बायको सरू दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडते आणि वर दीड कोस पाण्याला जाते. आज गेली नाही. आईनं तांब्या हातात धरून आधी नुसता बघितला, मग प्याली.

२० मार्च

फळ्यांचं काम कल्याणप्पा सुतारांकडं. उमरग्याकडचे, वयस्कर, तोंड एकदम मोकळं. सागवान चांद्याहून ट्रकनं आलं. कडब्याला ट्रक मिळंना झालाय तालुक्यात, सागवानाला मिळाला.

कल्याणप्पांना चहा कपबशीत. माझा गिलास खिडकीत वेगळा ठेवलाय. द्वारकाबाई, म्हणजे चेअरमनच्या मंडळी, वरून चहा ओततात, थेंब अंगावर उडला तरी बघत नाहीत. रोज पितो. रोज संताप येतो.

२९ मार्च

चार खण झाले! कमळ, पोपट, आंब्याचा घड, ऊस. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, दोन तासांत एक. हाताला तीच सवय. हा हातच वैरी झालाय.

सरू म्हणाली, "तुमी एवढी घाई का करताव? पाऊस यायला अजून अडीच म्हैने हायेत." बोलली ते खरंच.

२ एप्रिल

आजपासून रंगात ड्रायर टाकायचा बंद. नुसतं कच्चं जवसाचं तेल, झालेल्या चार खणांवरही परत एक हात. रंग आठ-आठ दिवस वाळणार नाही. वाळला नाही तर काम संपलं कसं म्हणणार?

१४ एप्रिल

जयंती. दोन बॅरलं वेळेवर आली. सगळ्या वाड्याचं जेवण शिजलं – पातळ वरण का होईना. वाड्यातल्या जाणत्या पिराजीबाबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "मच्छिंदर, तुज्यामुळं पोरं न्हाली रं."

१७ एप्रिल

चेअरमनच्या घरचे सगळे येरमाळ्याला, देवीच्या यात्रेला. बंगल्याला कुलूप. काम नाही, म्हणून पाणीही नाही.

२५ एप्रिल

साहेबांनी शिडीवर चढून पोपटाला बोट लावलं. बोट हिरवं!

"हे काय रे?"

"सागवान तेल पितंय, साहेब. वेळ लागतो." कल्याणप्पा खाली रंधा मारत होते. त्यांना तेलातलं सगळं कळतं. मान वर न करता म्हणाले, "व्हय साहेब. नवं लाकूड लई हट्टी असतंय."

साहेब गेल्यावर माझ्याकडं बघून डोळा मारला. संध्याकाळी एक चांगली बसलेली फळी त्यांनी उगाचच उचकटली. वाकडी बसली म्हणे. म्हातारा सोन्यासारखा माणूस आहे.

४ मे

साहेब म्हणाले, "मधल्या खणात तळं काढ. काठोकाठ भरलेलं. पाहुण्यांना गार वाटलं पाहिजे."

गार! माळावर जनावरांच्या हाडकांचा सडा पडलाय, ह्यांना गार वाटायला पाहिजे.

१० मे

तळं तीनदा काढलं, तीनदा टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसलं. साहेबांना सांगितलं, बिघडलं. पहिलं खरंच बिघडलं होतं. दुसरं बरं होतं. तिसरं पुसायच्या आधी दोनदा शिडी उतरून लांबून बघितलं.

साहेब भडकले. "बावीस तारखेला पाहुणे येणार. वीसला झालं नाही तर बार्शीचा पेंटर आणीन!" म्हणजे दहा दिवस हातात आहेत. वीस बॅरलं.

१३ मे, रविवार

आज पाणी जमलं.

कसं जमलं सांगता येत नाही. लहानपणी बाणगंगेत म्हशी धुवायला जायचो, पाण्यात उभं राहिलं की पाय वाकडे दिसायचे, काठाच्या बाभळी हलायच्या. तेच सगळं ब्रशातून उतरलं. मध्ये एक बगळा. कल्याणप्पा फळ्यांवर उताणे पडून वर बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये पुसू नगंस बाबा."

पुसायला बोळा घेतला होता. हातातच राहिला. आठवडाभर सहज ताणता आलं असतं. मला कळत होतं. सगळं कळत होतं! तरी ड्रायरची बाटली मीच उघडली आणि वरचा हात ड्रायर घालून मीच मारला. बाकीच्या खणांवरही.

कोपऱ्यात नाव टाकलं. बारीक – म. ओव्हाळ. जन्मात पहिल्यांदा चित्राखाली नाव.

१५ मे

साहेबांनी बोट लावलं. कोरडं. "झकास! संपलं म्हणायचं." लाकडाचा भुसा झाडून घ्यायला बाई आली. मी शिडी घेऊन बाहेर.

१६ मे

गाडी आली नाही. बाया घागरी घेऊन वाड्याच्या तोंडाशी बसून राहिल्या. ऊन चढलं तशा उठल्या.

मी सांगितलं, काम संपलं. पिराजीबाबा म्हणाले, "वीस तारीख हाय म्हणला हुतास की. मग का रं संपिवलंस?"

काय सांगू? चित्र चांगलं झालं म्हणून?

१९ मे

सरू बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. आज एवढंच म्हणाली, "बघू द्या की आमाला बी तुमचं तळं." बंगल्यात तिला कोण घेतंय!

२३ मे

आई पडली. सरू कामावर, मी भूमला बोर्ड रंगवायला. म्हातारी कुणालाच न सांगता घागर घेऊन निघाली. दीड कोस, सत्तरीची बाई! विहिरीच्या पायरीवरून घसरली. बायांनी बाजेवर घालून आणली. खुबा मोडलाय. दवाखान्यात म्हणाले, पडून राहू द्या. ओरडतही नाही, नुसती जीभ ओठांवरून फिरवते. घागर फुटली म्हणून तीच माझी माफी मागते.

हे माझ्या हातानं झालं. दुसऱ्या कुणाच्या नाही.

२८ मे

आईला ताप. अंग पुसायला पाणी नाही. साहेबांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आतून निरोप – काय ठरलं होतं?

३१ मे

कल्याणप्पा घरी आले. आमच्या घरात पाण्याचं विचारायची सोय नाही, तरी ओट्यावर बसले.

पाहुण्यांना दिवाणखाना लई आवडला म्हणे. व्याही तळ्याखालीच गादी टाकून लोळले. लोळता लोळता कोपऱ्यातलं नाव वाचलं. "ओव्हाळ? म्हंजी कुणापैकी?" द्वारकाबाई आत निघून गेल्या. सोयरीक टिकली, पण साहेबांचं तोंड उतरलं.

"नाव तेवढं खरवडायला बोलिवलंय तुला," कल्याणप्पा म्हणाले. माझ्याकडं बघेनात. "तळ्याला हात लावू नको म्हणलेत. लई झ्याक हाय म्हणं."

मी विचारलं, पाणी?

"काम चालंल तवर."

१ जून, शुक्रवार

खरवडलं. चार अक्षरं. किती ताणलं तरी दुपारपर्यंतच पुरली. एक बॅरल आलं. आई दोन तांबे प्याली.

बोर्डावर टाकतो तसं पूर्ण नाव टाकायला पाहिजे होतं – मच्छिंद्र ओव्हाळ, पेंटर, बौद्धवाडा, तालुका भूम. चांगलं हातभर.