ट्रकमधून उतरवलेली बाळंतीण

ती. आईस,

तुझ्या नर्सबाईचा नमस्कार. मी धडधाकट आहे, जेवण वेळेवर होतं.

सरकार बदलल्यापासून इथं लोकांना परके ठरवून सीमेपार हाकलताहेत. काल ट्रकमध्ये एक बाळंतीण दिसली. मी अधिकाऱ्याला म्हटलं, “ही इथलीच. हिच्या जन्माची नोंद आमच्या दवाखान्यात आहे.”

“दाखवा.”

धावत जाऊन रजिस्टर आणलं. त्यानं तिला बाळासकट उतरवलं. ट्रकमध्येच बसलेल्या तिच्या नवऱ्याची नोंद मात्र सापडेना. ट्रक त्याला घेऊन गेला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरंच झालं, मला तिच्या नजरेला नजर देता आली नसती.

बाबांचा खोकला थांबला का?

उद्या मला चौकशीला बोलावलंय. रजिस्टर मागतील. अख्ख्या गावाचे जन्म आहेत त्यात; ते गेलं तर इथलं असल्याचा पुरावा कुणाकडेच उरणार नाही. मी देणार नाही, पण हे बाबांना सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी